टेम्पोभर रक्त

नगर, दवाखाना, बायांचा वॉर्ड
३ मार्च २०२५

इंदे,

रामराम. तुझा केदार डबा घेऊन आलाय. माझं जेवन होईस्तवर तो खाली च्या प्यायला गेलाय, तेवढ्यात हे लिहून रिकाम्या डब्याच्या पिशवीत घालते. तू म्हनशील, रतनला एकदम पत्राची काय हौस आली, उशाला मोबाईल पडलाय की. आगं, हितं माझी सोडून अकरा खाटा हायेत. "हॅलो" म्हनलं की अकराच्या अकरा बाया कान टवकारत्यात, आन् माझा आवाज तुला ठावं हाय. परवा आमच्या ह्यांना फोनवर नुसतं "पोट साफ न्हाई" म्हनले, तर पलीकडच्या म्हातारीनं एरंडेलाची बाटली पाठवून दिली. त्यात सून रुपाली दिवसभर उशाशी. तवा पत्रच बरं. सोनईच्या शाळंत तुझ्या वडलांनी छड्या मारून माझं अक्षर वळवलंय, ते कधी कामाला येनार?

पायाचं केदारनं सांगितलं असंल, तरी माझ्याकडनं ऐक. चार फेब्रुवारीला, सप्त्याच्या काल्याच्या दिवशी, आमटीची कढई चुलीवरनं उतरवताना कलंडली. डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला. वरचा तेलाचा तवंग सगळा पायावर आला, म्हनून लई खोल गेलं. हितं मांडीची कातडी काढून पायाला लावली. पाच दिसांनी पट्टी सोडली तर ती काळी पडलेली, पट्टीसंगंच निघून आली. माझी शुगर निघाली ना, तीनशेच्या वर. तिच्यामुळं जखम धरत न्हाई म्हनत्यात.

डॉक्टरीन पोरगीच हाय, प्रणिता म्हनून. काल खाटंवर बसून म्हनाली, "आजी, शुगर आता खाली आलीय. अजून एकदा कातडी लावू. ह्या वेळी तुमच्याच रक्तातनं काढलेलं औषध जखमेवर घालू. पण आता नाही धरली तर पायाचं मी सांगू शकत नाही." मी हसून "बरं बाई" म्हनले, आन् ती गेल्यावर तोंडावर पदर घेतला. पाय काढत्यात का गं अशानं? आन् रगताचं औषध म्हंजे काय असतं? तू एकतीस वर्षं रक्तपेढीत काढलीस, तुला ठावं असनार. खरं लिही, माझं मन राखू नको.

बायडाबाई अजून फिरकली न्हाई. कढईचा दुसरा कान तिच्याकडं हुता. असू दे.

तुझा गुडघा काय म्हनतो? दोघींना मिळून दोन पाय उरलेत आपल्याला.

रतन


भिंगार
५ मार्च २०२५

रतन, माझे बाई,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग बराच वेळ रडले. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून, दुसऱ्या मजल्यावर एकटी. तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहे आणि जिना उतरता येत नाही, याचा मला इतका संताप येतो की केदारवर उगीच ओरडते.

आता नीट ऐक. घाबरण्यासारखं काही नाही. तुझंच रक्त घेणार, अर्धी वाटी. ते नळ्यांत भरून यंत्रात गरागरा फिरवतात. लाल भाग जड, तो तळाला बसतो. वर पिवळसर पाणी राहतं आणि मधे पातळ पांढुरकी साय येते. त्या सायीत प्लेटलेट असतात. भाजी चिरताना बोट कापलं की रक्त थांबवायला धावतात ना, त्या ह्याच. जखम भरायला लागणारा माल त्यांच्यापाशी असतो. तेवढ्या वेगळ्या काढून त्याचा खरवसासारखा थर करतात, तो जखमेवर पसरतात आणि त्यावर कातडी ठेवतात. कातडी घट्ट बसते, खाली रक्त साचत नाही आणि नव्या नसा लवकर आत शिरतात. जादू नाही हं ही. कुणाला पुष्कळ गुण येतो, कुणाला थोडा. शुगर चढली तर खरवसाचं काही चालायचं नाही, म्हणून इन्सुलिनला नाक मुरडू नकोस. पण तुझी ती पोरगी शहाणी दिसते. तुझ्या जागी मी असते तर मीही हो म्हटलं असतं.

ते यंत्र म्हणजे माझं आयुष्य गं. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या ठेवायच्या, नाहीतर जड बाजूला ओढ बसून यंत्र थयथयाट करतं. साहेब म्हणायचे, इंदूबाईंच्या नळ्या डोळे मिटून लावाव्यात.

आणि त्या बायडाबाईचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. शौनकची मुंज एप्रिलअखेर आहे. आदल्या संध्याकाळी सोनईची आमटी-भाकरी करायची असं केदारच्या मनात होतं, म्हणून फोनवर तिलाच सांगून ठेवलं होतं. परवा मी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. जिनं उकळती कढई अर्ध्यातून सोडली, तिच्या हातचं माझ्या नातवाच्या मुंजीत नको. ती नुसतं "बरं ताई" म्हणाली आणि ठेवला फोन.

डब्यात मेथीची भाजी आहे. भात मुद्दाम दिलेला नाही, शोधू नकोस.

तुझीच इंदू


नगर, वॉर्ड
८ मार्च २०२५

इंदे,

खरवसाचं वाचून जिवात जीव आला बघ. सकाळी डॉक्टरीनबाईंना इचारलं, "खरवस कधी करनार?" ती बघतच ऱ्हायली. मग तुझं पत्र दाखवलं. वाचून म्हनाली, "ह्या आजींना माझ्याकडं नोकरीला पाठवा."

आता काल काय झालं ते ऐक. परवा डॉक्टरीनबाई समजून सांगत हुती तवा आमचे हे, आप्पासाहेब, हितंच हुते. पन ह्यांची एसटी सुटायची येळ झाली, म्हनून निम्म्यातनं उठून गेले. रगताचा उपचार करायचा, एवढं घेऊन सोनईत पोचले आन् थेट मारुतीच्या देवळात जाऊन माईक हातात घेतला. सप्त्यापासून भोंगा तिथंच बांधलेला हाय. गावात कुनाची शेळी हरवली तरी त्याच्यावरनंच सांगत्यात. ह्यांनी पुकारलं, "रतनबाईला रगताचा उपचार करायचा हाय हो! ज्याला रगत द्यायचं त्यानं सकाळी सातला रंगनाथच्या टेम्पोत बसावं!"

धाच्या सुमाराला वॉर्डाच्या दारात बघते तर सतरा मानसं! रंगनाथचा टेम्पो कांद्याचा, सगळ्यांच्या कपड्यांना कांद्याची सालपटं. रगत जेवून द्यायचं का उपाशीपोटी, ह्याच्यावर घोडेगावपर्यंत भांडन झालेलं. शेवटी निम्मे जेवून आलेले, निम्मे उपाशी. पुष्पावती तर देवाला नारळ फोडून आली. डॉक्टरीनबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, आजींचंच रक्त काढायचंय! तेही अर्धी वाटी!" तसा रंगनाथ म्हनला, "मग आमी काय नुसतंच हिंडून जायचं व्हय?" तिला हसू आवरंना. शेवटी सगळ्यांना रक्तपेढीत पाठवलं. आज आजींना नको तर उद्या दुसऱ्या कुनाला लागंल, म्हनाली. अकरा जनांनी दिलं. बाकीच्यांना कुनाला वयामुळं, कुनाला बीपीमुळं माघारी लावलं. मग सगळे बिस्किटाचे पुडे घेऊन माझ्या खाटंभवती. नर्सबाई वरडायला लागली तर तिला बी बिस्कीट दिलं.

मला लई रडू आलं. मी काय केलंय गं ह्या लोकांचं? वर्साला एकदा आमटी वाढलीय, दुसरं काय?

मुंजीचं मात्र घाईनं मोडायला नको हुतंस. बायडीचा आमटीचा हात चांगला हाय. बाकी काय न्हाई.

ऑपरेशन मंगळवारी, अकरा तारखेला.

रतन


भिंगार
९ मार्च २०२५

रतन,

सतरा माणसांचं वाचून मी एवढी हसले की खालच्या जोशीबाई विचारायला वर आल्या. पण आज मला हसण्यावारी न्यायचं नाहीये.

केदार परवा डबा घेऊन आला तेव्हा तो गोंधळ संपत आला होता. जिन्याच्या पायरीवर एक बाई एकटी बसली होती म्हणे. बारीक अंगाची, हिरव्या लुगड्यातली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चुलीचे जुने चटके. रक्तपेढीवाल्यांनी तिला परत पाठवलं होतं. रक्त साडेसात, स्वतःलाच पुरत नाही, ती दुसऱ्याला काय देणार? केदारनं तिला चहा आणून दिला. तिनं तो प्याला नाही. एवढंच विचारलं, "रतनचा पाय ऱ्हाईल ना वो?" तिनं नाव सांगितलं नाही, पण असे हात असलेली बाई सोनईत एकच आहे.

आणि केदार असंही म्हणाला, की ती दारापर्यंत गेली होती. तू तिला पाहिलंस. आणि डोळे मिटून घेतलेस.

तुझ्या पत्रात सतरा माणसं आहेत, सालपटं आहेत, नर्सला दिलेलं बिस्कीटसुद्धा आहे. ती नाही. तू आयुष्यात कुणाचं गाऱ्हाणं पोटात ठेवलं नाहीस. रागावली असतीस तर चार पानं शिव्या लिहिल्या असत्यास. मग ही गप्प का?

काल दुपारी पडल्या पडल्या विचार करत होते आणि एकदम उठून बसले. अगं, एकतीस वर्षं मी नळ्या तोलल्यात. जड वस्तू दोघींनी धरली आणि एकीचा हात सुटला, तर ती कलंडते सुटलेल्या हाताकडं. बायडाबाईचा हात सुटला असता तर आमटी बायडाबाईच्या पायावर गेली असती. भाजलीस तू.

मला एवढ्या दिवसांत हे सुचलं नाही. गावात कुणालाच सुचलं नाही.

रतन, काय झालं होतं? मला सांग. मी तुझ्यावर रागावले तरी तुझीच आहे.

इंदू


नगर, वॉर्ड
१० मार्च २०२५

इंदे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आन् उशीखाली ठेवलं. रुपाली म्हनाली, "आत्या, काय झालं, तोंड का उतरलं?" डोळ्यात काहीतरी गेलं म्हनले. आता ती औषधं आनायला गेलीय.

तर ऐक. माझाच हात सुटला.

दोन वर्षांमागं गावातल्या डॉक्टरनं शुगर सांगितली हुती. गोळ्या आनल्या, पिठाच्या डब्यामागं ठेवल्या, खाल्ल्या न्हाईत. घरात कुनाला बोलले न्हाई. शुगर म्हनलं की "रतनबाई, तुमी बसा, तुमी कशाला" सुरू झालं असतं. तीस वर्षं सप्त्याचा सैपाक माझ्या शब्दावर चालतोय, इंदे. चारशे पानाला मीठ किती, ते मी नजरंनं सांगते. तिथनं मला उठवलं तर माझ्यापाशी ऱ्हातं काय?

दिवाळीपासून बोटं बधिर झाली. सुई धरता येईना. तव्याचा चटका बसला तरी फोड आल्यावर कळायचं. ते बी लपवलं. त्या दिवशी बायडी म्हनाली, "रतन, जड हाय, पोरांना हाक मार." मी म्हनले, "गप, उचल." उचलली. दोन पावलं गेलो आसंल. आपल्या हातात कान हाय का सुटला, हेच मला कळलं न्हाई. कळलं ते पाय पेटल्यावर. आन् तोंडातनं निघालं, "बायडे, का सोडलंस गं!"

ते सगळ्यांनी ऐकलं. आगीत पडलेलं मानूस काय बी बोलतं, तेवढं मला माफ हाय. पन नंतर मी शुद्धीत हुते की! हितं बाया भेटायला आल्या, म्हनल्या, बायडीनं सोडली, तिचा काय भरवसा. मी व्हय म्हनले न्हाई. पन न्हाई बी म्हनले न्हाई. दुखतंय म्हनून कूस बदलली.

बायडीला नवरा न्हाई, जमीन न्हाई. तिचा हात हीच तिची जमीन. लग्नाकार्यात आमटी करायला लोक तिला लांबलांबनं न्यायचे. ह्या महिन्यात गावातली दोन लग्नं तिच्या हातातनं गेली, रुपालीनंच सांगितलं. तिसरं तुझ्या घरचं. ते तुझ्या पत्रात वाचलं आन् मला घास गेला न्हाई.

आन् ती बाई साडेसात पॉइंट रगत घेऊन मला रगत द्यायला आली. दारात उभी ऱ्हायली. मी डोळे मिटले. कशी बघू गं तिच्याकडं?

पायाची भीती वाटती, खोटं कशाला बोलू. पन त्याहून भ्या हे वाटतंय, की सांगितलं तर ती माझं तोंड बघायची न्हाई. चाळीस वर्षं चुलीला चूल लावून बसलो आमी दोघी. उद्या मला भूल देनार. न्हाई उठले तर हे माझ्यासंगं जाईल, म्हनून तुला लिहिलं. वाचून फाडून टाक.

रतन


भिंगार
१० मार्च २०२५, संध्याकाळ

रतन,

केदारला परत पाठवतेय. कुरकुरला, पण तयार झाला.

दोन कागद फाडले मी. पहिल्यात तुला खूप बोलले होते. दुसऱ्यात त्याहून जास्त. मग आठवलं, त्या बाईला "नको" म्हणून फोन मी केला. तू नाही. तिला एका शब्दानं विचारलं नाही, काय झालं होतं म्हणून. ती "बरं ताई" म्हणाली, आणि मला वाटलं, बघा, गुन्हा कबूल आहे. तेव्हा मी तुझ्यावर कुठल्या तोंडानं ओरडू?

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. फाडणारही नाही. मला सांगून तू मोकळी झालीस असं समजू नकोस. मी म्हणजे तुझ्या वॉर्डातली ती म्हातारी, फार तर एरंडेल पाठवीन. सांगायचं तिला. तिच्यासमोर, आणि ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांच्यासमोर. कसं, ते तुझं तू ठरव. पण मला विचारशील तर भूल घ्यायच्या आधी.

ती तोंड बघणार नाही म्हणतेस. नाही बघितलं तर नाही. तो तिचा हक्क आहे गं.

आणि न उठायला काय झालं? काही होत नाही तुला. उद्या मी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसणार आहे. तुला बोलायचं नसेल तर रुपालीला बोलू दे, पण कळव. मला तू हवी आहेस, रतन. दोन पायांची असलीस तर फारच उत्तम.

तुझीच इंदू


नगर, वॉर्ड
१७ मार्च २०२५

इंदे,

रुपालीनं तुला फोनवर निम्मं सांगितलंय, आता समदं ऐक. बसून लिहितेय, पाय उशीवर.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ह्यांना फोन लावला. म्हनले, देवळात जा, भोंगा चालू करा आन् मोबाईल माईकच्या तोंडाशी धरा. "का, अजून रगत लागतंय का?" म्हनले, "धरा म्हनते ना!" हितं अकरा बाया उठून बसल्या. मी मनात म्हनलं, बसा, तुमी बी ऐका.

मग बोलले. "मी रतन बोलतेय, दवाखान्यातनं. सप्त्यातली कढई बायडाबाईनं सोडली न्हाई. माझ्याकडचा कान माझ्याच हातनं सुटला. मला दोन वर्षं शुगर हाय, बोटं बधिर हायेत, ते मी लपवलं. तिनं पोरांना बोलव म्हनलं हुतं, मी ऐकलं न्हाई. सव्वा महिना तिच्यावर खोटा आळ आला आन् मी गप पडून ऱ्हायले. चूक माझी हाय. एवढंच."

मग भोंग्यावरनंच ह्यांचा आवाज, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा, "शुगर? दोन वर्षं? आन् मला रोज म्हनायची, च्यात साखर कमी पडली!" मी वरडले, "आधी भोंगा बंद करा!"

एरंडेलवाली म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. रुपालीनं ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं, वेनी घातली, आन् म्हनाली, "आत्या, पिठाच्या डब्यामागच्या गोळ्या मला गेल्या वर्सीच दिसल्या हुत्या. तुमी खात असाल असं वाटलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूर्ती भूल दिलीच न्हाई, नुसती पाठीत सुई. आधी दंडातनं रगत काढलं. घंट्याभरानं डॉक्टरीनबाई वाटी घेऊन आली, वाकवून दाखवली, "आजी, हा बघा तुमचा खरवस." पिवळा, थरथरनारा, खरंच गं खरवसच. माझ्या अंगात एवढं चांगलं काहीतरी हाय, असं बघून मला लई बरं वाटलं. त्या दिवशी तर जास्तच.

मग पाच दिवस पट्टी. ते पाच दिवस पायाचा इचार थोडा आन् दाराकडं बघनं जास्त. रोज सोनईचं कुनी ना कुनी यायचं. बायडी न्हाई. तू म्हनलीस ना, तो तिचा हक्क हाय. मी मनाला तेच सांगत हुते.

काल पट्टी सोडायची हुती. डॉक्टरीनबाई पानी टाकून टाकून एकेक पदर सोडवत हुती आन् दारात बघते तर हिरवं लुगडं. मी म्हनले, "आत ये." ती आली. खाटंच्या कडंला बसून माझा हात हातात घेतला, तो हाच, सुटलेला. शेवटचा पदर राहिला तवा मला बघवंना. मी पायाकडं बघितलंच न्हाई, तिच्याकडं बघत ऱ्हायले. डॉक्टरीनबाई म्हनाली, "धरली, आजी. सगळी धरली." मला ते बायडीच्या तोंडावरच दिसलं.

गुलाबी हाय गं कातडी, ल्हान लेकरागत. घोट्यापाशी दोन जागी मसुरीएवढं ऱ्हायलंय, ते आपोआप भरंल म्हनत्यात.

मग दोघीच असताना म्हनले, "बायडे, माझं चुकलं." तर म्हनती, "मला ठावं हुतं. तुझी बोटं उघडताना मीच बघितली. माझ्याबिगर दुसरं कोन बघनार?"

"मग बोलली का न्हाईस गं बये, सव्वा महिना?"

"तू एवढी भाजलेली. त्यात आनखी तुझं काय काढायचं? म्हनलं, बरी झाली की सांगंल."

"आन् सांगितलं नसतं तर?"

"तर नसतं सांगितलं," म्हनाली, आन् उठून तुझा डबा धुवायला गेली. मी लई रडले, इंदे. एवढी पाय भाजल्यावर बी रडले नव्हते.

पाच दिवस का आली न्हाईस इचारलं, तर म्हनती, लोकांचे कांदे काढायला हुते. आन् भोंगा ऐकल्यापास्नं रडूच थांबंना, रडत रडत एसटीत कशी बसू.

आता तुझं काम तू कर.

रतन


भिंगार
२१ मार्च २०२५

श्रीमती बायडाबाई यांना,

इंदूचा नमस्कार. रुपाली हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. फोन करणार होते, पण फोनवर मी तुमच्याशी एकदा बोलले आहे आणि ते बोलणं मला विसरता येत नाही.

काय झालं ते न विचारता मी तुम्हाला "नको" म्हटलं. तुम्ही "बरं ताई" म्हणालात. मी तुमच्या जागी असते तर मला दोन शब्द सुनावले असते. माझं चुकलं, बायडाबाई. वयानं मी मोठी आहे, पण तुमच्यासमोर मान खाली घालून हे लिहिते आहे.

माझ्या नातवाची, शौनकची, मुंज एप्रिलच्या सत्तावीस तारखेला आहे. सव्वीसच्या संध्याकाळी तुमच्या हातची आमटी-भाकरी व्हावी अशी माझी इच्छा आहे. तुमचं मन नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगणारही नाही. त्या दिवशी आमच्याकडं पिठलं होईल.

आणखी एक. तुमचं रक्त फार कमी आहे. रक्तपेढीवाल्यांनी लोहाच्या गोळ्या सांगितल्या असतील. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. एवढं तरी माझं ऐका.

इंदू


सोनई
पाडवा, ३० मार्च २०२५

इंदूताईंना बायडाबाईचा नमस्कार. रुपाली लिहितेय, मी सांगतेय.

पत्र ऐकलं. दोनदा वाचायला लावलं. मान खाली घालायचं काय काम न्हाई, तुमचा गुडघा आधीच दुखतोय.

येते. मानसं किती ते कळवा. मसाला मी हितंच भाजून, वाटून आननार, बाजारचा चालनार न्हाई. चूल गच्चीवर मांडू नका, वाऱ्यानं जाळ लागत न्हाई. कढई उचलायला चार तगडे गडी पायजेत, ते तुमी बघा. रतन येनार म्हनून हटून बसलीय. येऊ दे. खुर्चीवर बसून मीठ सांगंल. कढईजवळ आली तर मी तिला उचलून बाजूला ठेवीन, तिला तसं सांगितलंय.

तिचा पाय चांगला हाय. काठी घेऊन अंगनात चालती. सकाळच्या गोळ्या रुपाली देती, रात्रीच्या मी समोर बसून खायला लावते.

माझ्या बी गोळ्या चालू हायेत, लिंबूपान्याबरोबर. काल तपासलं. साडेसातचं नऊ झालंय. पेढीवाले म्हनले, साडेबारा लागतंय. तेवढं झालं की रंगनाथच्या टेम्पोत बसून मी परत येनार हाय. रतनला नको तर नको, कुनाला तरी लागंलच की.